कारंजे कोणासाठी?

१

आमच्या हिंगोलीच्या बाजूला एका गावात, मुख्य चौकात, एक कारंजे आहे. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही. वाचकाने तेथे आपल्या गावाचे नाव घातले तरी पुढचे वर्णन फारसे बदलावे लागणार नाही. गोल हौद, आतून निळी फरशी आणि मधोमध शेपटीवर उभे असलेले तीन फायबरचे डॉल्फिन. येथून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब आहे. उद्घाटनाच्या संध्याकाळी डॉल्फिनांच्या तोंडातून पाणी उडाले, रंगीत दिवे लागले, पोरे भिजली. पुढे पंप जळाला, तोट्यांत क्षार धरला आणि हौदात वेफर्सची रिकामी पाकिटे साचली. एका मे महिन्यात तेथून जात होतो, तेव्हा टँकर आला होता. रांगेतल्या बायकांनी रिकाम्या घागरी त्या कोरड्या हौदात लावून ठेवल्या होत्या. एक म्हातारी कठड्यावर, डॉल्फिनाच्या सावलीत बसली होती. मला थांबलेला पाहून म्हणाली, "बसा जरा भाऊ, सावली हाय." त्या कारंज्याचा माणसाला झालेला उपयोग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

अशा कारंज्यावर हसणे सोपे आहे. वर्तमानपत्रे दर उन्हाळ्यात ते करतात. मला मात्र दुसरा प्रश्न पडला. पाण्याभोवती शिल्प उभे करण्याची हौस या भूमीला नवी नाही. मग जुने शिल्प पाण्याशेजारी शोभते आणि हे का शोभत नाही? दगड चांगला आणि फायबर वाईट, एवढ्याने उत्तर मिळत नाही. म्हणून गेली काही वर्षे मी बारवा, नहरी, हौद आणि कारंजी तीन साधे प्रश्न घेऊन वाचतो आहे. पाणी येते कोठून? ते जाते कोठे? आणि त्याला हात कोण लावू शकतो? शिल्पाची पारख या तीन प्रश्नांशिवाय करता येत नाही, असे माझे मत झाले आहे. ते येथे तपासून पाहायचे आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करता येते. हौद, नहर, फवारा हे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले. बारव, गोमुख, पुष्करणी हे शब्द आपल्याकडे आधीपासून नांदत होते. आणि पाणपोई हा शब्द या सगळ्यांत गरीब असला तरी आपल्या उन्हाळ्याला सर्वांत जवळचा आहे. या शब्दांच्या तीन घराण्यांतच आपल्या विषयाचा बराचसा इतिहास आला.

२

हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटरवर आहे. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन घडणीचा. वरचे पांढरे बांधकाम नंतरचे आहे, हे जाणकार नसलेल्या माणसालाही दिसते. आवारात ऐसपैस चौकोनी पायविहीर आहे. लोक तिला सासू-सुनेची बारव म्हणतात. मराठवाड्यात अशा बारवा गावोगाव आहेत. शेजारच्या परभणी जिल्ह्यात वालूरच्या बारवेत पायऱ्या विहिरीभोवती चक्राकार उतरत जातात, आणि चारठाण्याला मंदिरांच्या सोबतीने बारव आहे. शिल्पशास्त्राने या पायविहिरींना प्रवेशांच्या संख्येवरून नावे दिली आहेत: एका प्रवेशाची नंदा, दोनांची भद्रा, तिनांची जया आणि चारांची विजया. हे वर्गीकरण मला महत्त्वाचे वाटते. पाण्याच्या वास्तूला नाव देताना शास्त्रकाराने खोली किंवा नक्षी पाहिली नाही. माणूस पाण्यापर्यंत किती बाजूंनी पोचतो, ते पाहिले.

बारवेतले शिल्पही त्याच हिशेबाने बसवलेले असते. देवकोष्ठे, म्हणजे मूर्तींचे कोनाडे, उतरणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात. पाणी भरून वर चढणाऱ्या बाईला टेकायला मध्ये सपाट टप्पे असतात. त्याच काळातल्या मंदिरांत अभिषेकाचे पाणी गाभाऱ्याबाहेर काढणारी पन्हळ मगरीच्या किंवा गाईच्या तोंडाची करत. मकरमुख किंवा गोमुख म्हणजे आपल्याकडचे सर्वांत जुने जलशिल्प. त्यातून पाणी उंच उडत नाही, खाली पडते. शिल्पाचे काम एवढेच की पाणी कोठून घ्यायचे ते दाखवावे आणि घेणाऱ्याला ते पवित्र वाटावे. तोंडाची घडण सुबक असते, पण तोंडापुढची ओंजळ गृहीत धरलेली असते. ती ओंजळ नसेल तर शिल्प अर्धे राहते.

पण हे सगळे सांगून झाल्यावर तिसरा प्रश्न उरतोच. बारवेला चार प्रवेश असले तरी त्यातून कोण उतरत होते? ज्या गावात अर्ध्या वस्तीला पायरीवर पाय ठेवता येत नव्हता, तेथे विजया बारव ही त्या वस्तीसाठी बंदच होती. औंढ्याला या प्रश्नाची एक लोककथा आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळासमोरून उठवून मागे पाठवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे भाविक सांगतात. नंदी मागच्या बाजूला का, याचे उत्तर म्हणून ही कथा सांगितली जाते. स्थापत्याच्या अभ्यासकाला ती पटणार नाही. पण एका मूर्तीची जागा पाहून सामान्य लोकांनी कोणाला मागे ढकलले याची आठवण जपली, हे मला समीक्षेचेच काम वाटते. शिल्पासमोर उभे राहून लोक तोच प्रश्न विचारत आले आहेत: हे कोणाकडे तोंड करून आहे?

३

उंच उडणारे पाणी मराठवाड्यात थाटाने दिसते ते आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. त्याच्याही आधी, गाव अजून खडकी असताना, मलिक अंबरने १७ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे नहर आणली. हबशी गुलाम म्हणून या देशात आलेल्या या माणसाने राजधानी वसवताना आधी जमिनीखालच्या पाण्याचा माग काढला, हे त्याच्या कारकिर्दीतले मला सर्वांत मोठे काम वाटते. डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या जोरावर शहरात येई. पंप नव्हता. कारंजे उडवायचे तर उगम कारंज्याहून उंच हवा, आणि पाणी उगमाच्या पातळीच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे जुन्या कारंज्याची उंची पाहिली की डोंगराची उंची आणि नळाची मजबुती कळे. प्रत्येक तुषार हा एका अर्थाने डोंगराचा हिशेब होता.

१६६० च्या सुमारास बीबी का मकबरा उभा राहिला. चारबागेच्या मध्यरेषेवर हौदांची आणि कारंज्यांची ओळ आहे. पाहणाऱ्याची पावले संथ करणे हे तिचे काम. तिचे पाणी तहानेसाठी नव्हते. तरी ही वास्तू एका गोष्टीसाठी मला आदर्श वाटते: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. आजच्या चौकातल्या कारंज्यावर उद्घाटकाचे नाव असते, घडवणाऱ्याचे नसते.

पण या शहरातले खरे उत्तर पाणचक्कीत आहे. १७ व्या शतकाच्या अखेरीपासून १८ व्या शतकापर्यंत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याभोवती ती आकाराला आली. हर्सूलच्या बाजूचे पाणी मातीच्या नळांतून येते, उंच भिंतीवरून पडते, चक्की फिरवते आणि मोठ्या हौदात कारंज्यांतून उसळते. चक्कीचे पीठ फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या पोटी जाई. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. उन्हाळ्यात त्या गारव्यात वाटसरू विसावत. एकच पाणी दळते, दिसायला सुंदर दिसते आणि डोक्यावरून गारवा देते. माझ्या तिन्ही प्रश्नांना येथे उत्तर आहे. आणि गंमत अशी की पाणचक्कीत सांगण्यासारखे शिल्प जवळजवळ नाहीच. पाण्याचा मार्ग हेच शिल्प.

युरोपातले उलट उदाहरण व्हर्सायचे आहे. चौदाव्या लुईच्या बागेतल्या कारंज्यांना कधीच पुरेसे पाणी नव्हते. १६८४ साली सीन नदीवर मार्लीचे अवाढव्य यंत्र बसवूनही ते पुरेना. म्हणून राजा फिरायला निघाला की नोकर शिट्या वाजवत आणि राजा ज्या कारंज्याजवळ येई तेवढेच सुरू करत. पाहुणे येणार म्हणून तासभर चालू होणारी आपल्या चौकांतली कारंजी पाहिली की मला त्या शिट्या ऐकू येतात.

४

पुण्याकडे वळतो, कारण दरबारी कारंजे आणि सार्वजनिक हौद यांच्यातला ताण तेथे एकाच नळावर दिसतो. १८ व्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात नळ आणला. वाटेत हवा मोकळी होण्यासाठी उच्छ्वास बांधले. त्या पाण्यावर पेठांतले हौद भरत, आणि तेच पाणी शनिवारवाड्यातही जाई. वाड्यातले हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाचे. बाल सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी ते केले असे सांगतात. आज तेथे दगडी कमळ पाहताना कारागिराच्या हिशेबाचे कौतुक वाटते: इतक्या तोट्यांना सारखा दाब मिळायला हवा, नाहीतर कमळ एका बाजूने कोमेजलेले दिसेल. कला म्हणून हजारी कारंज्याला मी वरचा क्रम देईन. सार्वजनिक वास्तू म्हणून त्याची गणनाच होत नाही.

सार्वजनिक या शब्दाला पुण्यात अर्थ आला तो १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा. त्या हौदावर नक्षी होती की नाही याने काही फरक पडत नाही. पण बारा वर्षांनी, १८८० मध्ये, त्याच विचाराला एक शिल्प मिळाले. सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले यांची काशी नावाची लहान मुलगी वारली. वडील तिला शिकवत होते, म्हणून कर्मठांनी खाऊतून काच घालून तिला मारले, असे परंपरेने सांगितले जाते. घोल्यांनी तिच्या स्मरणार्थ हौद बांधला, त्यावर बाहुलीचे शिल्प बसवले आणि सर्व जातींना तो खुला केला. बाहुलीचा हौद या नावाने पुणे तो ओळखते.

कला म्हणून बाहुली साधी आहे. रोमचे किंवा पॅरिसचे काही तिच्यात नाही. पण मराठी मुलखातल्या जलशिल्पांत मी तिला सर्वांत वर ठेवतो. देवीची मूर्ती नाही, राजाचा पुतळा नाही, अप्सरा नाही. शिकायला निघालेल्या एका मुलीची आठवण बाहुलीच्या रूपाने पाण्यावर उभी केली, आणि ते पाणी सर्वांना पाजले. येथे शिल्प पाण्याचा अर्थ सांगते आणि पाणी शिल्पाचा. दोन्हींपैकी एक काढून घेतले तर दुसरे लंगडे पडेल.

५

मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले आणि चारच वर्षांनी, १८६४ मध्ये, फ्लोरा फाउंटन उभे राहिले. हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे. नळ आला म्हणून कारंजे आले. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने ते उभारले, कर्सेटजी फर्दूनजी पारेख यांची त्याला मोठी देणगी होती. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा. मुळात ते राणीच्या बागेसाठी योजलेले. पुढे किल्ल्याचा तट पाडल्यावर चर्चगेटच्या जागी त्याला बसवले. बागेतली देवता अशी रहदारीच्या मधोमध आली.

फ्लोराची घडण डौलदार आहे हे मान्य केले पाहिजे. वरची मूर्ती आणि खालच्या आकृती यांचा तोल सर्व बाजूंनी साधलेला आहे. पण रोमन फुलदेवता मुंबईकराला काय सांगते, याचे उत्तर शिल्पात नव्हते. ते उत्तर इतिहासाने बाहेरून दिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर तेथे गोळीबार झाला. पुढे शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगारांचे स्मारक उभे राहिले आणि चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले. दोन शिल्पे शेजारी आहेत. एक घडणीने श्रेष्ठ, दुसरे अर्थाने. पहिल्यावर वर्षानुवर्षे पांढरा रंग फासला गेला. तो उतरवून २०१९ मध्ये मूळ दगड पुन्हा दिसू लागला. जुन्या शिल्पाला रंग फासण्याची आपली खोड मंदिरांपासून चौकांपर्यंत सारखीच आहे.

मुंबईतली मला जवळची वाटणारी जलशिल्पे मात्र फ्लोराच्या सावलीत राहिलेले प्याऊ आहेत. लंडनमध्ये १८५९ साली गरिबांसाठी मोफत पिण्याच्या पाण्याची कारंजी उभारणारी संस्था निघाली. पॅरिसमध्ये १८७०-७१ च्या वेढ्यानंतर, १८७२ पासून, रिचर्ड वॉलेस यांनी आपल्या खर्चाने पिण्याच्या पाण्याची हिरवी कारंजी उभी केली. त्यांवर चार स्त्रियांच्या आकृती आणि साखळीला बांधलेला पेला असे. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हीच कल्पना आपल्या पाणपोईच्या पुण्याशी जोडली. भातबाजारात केशवजी नायक यांचे घड्याळासह कारंजे १८७६ मध्ये झाले. फोर्टात रतनसी मुळजी जेठा यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये उभारलेले कारंजे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याचे. त्यावर प्राण्यांची मुखे आहेत, आणि त्यांत मला आपल्या गोमुखाची लांबची नातलग दिसतात. हमाल, गाडीवान आणि त्यांचे बैल अशा प्याऊंवर थांबत. पुण्यात मुलीच्या, मुंबईत मुलाच्या आठवणीने पाणी वाहिले. शोकाला पाण्याची वाट देणे ही आपल्या एकोणिसाव्या शतकाची एक मोठी देणगी म्हणावी लागेल.

६

विसाव्या शतकाने तिसरा प्रश्न उघडपणे विचारला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्यावरचा दावा उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. महाडच्या तळ्याला तेव्हा शिल्पाची शोभा नव्हती. ओंजळ हेच तेथले शिल्प. त्यानंतर 'सार्वजनिक कारंजे' हे दोन शब्द पूर्वीसारखे निरागसपणे लिहिता येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर पाण्याचे वैभव धरणांच्या पायथ्याशी गेले. पैठणला जायकवाडीचे धरण झाले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्याच्या पायथ्याशी म्हैसूरजवळच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान आले. शाळेच्या सहलीत तेथली रंगीत कारंजी पाहिलेली मराठवाड्यातली एक अख्खी पिढी आहे. मीही त्यातलाच. त्या बागेची चेष्टा करणे मला जमणार नाही. कोरडवाहू गावांतल्या पोरांनी उधळलेले पाणी आयुष्यात पहिल्यांदा तेथे पाहिले, आणि ते पाणी समोरच्या धरणाचे आहे हेही त्यांना दिसत होते. उगम डोळ्यांपुढे होता.

गडबड झाली ती ही कल्पना धरणावरून उचलून चौकात आणली तेव्हा. धरण मागे राहिले, रंगीत दिवे तेवढे आले. चौकातल्या कारंज्याला उगम नाही. बंद टाकीतले तेच पाणी पंप फिरवत राहतो. आमच्या बोअरचे पाणी जड असते, तोटी बुजते. पाणी कोठे जात नाही म्हणून शेवाळते, आणि कोणी हात लावू नये म्हणून भोवती जाळी येते. माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे 'नाही' अशी येतात. म्हणून शिल्पाला धरायला काहीच राहत नाही, आणि डॉल्फिन असो, हंस असो की सिमेंटचा बगळा, काहीही चालते. विषय चुकीचा निवडला हा दोष दुय्यम आहे. विषय कोणताही निवडता येतो, ही खरी पडझड.

७

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी गंभीरपणे घेतो. सौंदर्याने नेहमी पाणक्याचे काम केलेच पाहिजे का? हजारी कारंज्याने कोणाची तहान भागवली? मग गरीब गावाने नुसत्या शोभेचे काही बांधूच नये काय? माझे उत्तर असे की शोभेचा हक्क गरीब गावाला आधी आहे. त्या उद्घाटनाच्या संध्याकाळी भिजलेल्या पोरांचा आनंद खोटा नव्हता. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या मराठवाड्यात पाण्याची शोभा तहानेकडे पाठ करून उभी राहू शकत नाही. हजारी कारंजे वाड्याच्या भिंतीआड होते. त्याने चौकात येऊन आपण सर्वांचे आहोत असा दावा केला नव्हता. चौकातले कारंजे तो दावा करते, म्हणून त्याला त्या मापाने मोजावे लागते.

आणि आपल्याकडे नमुना नाही असेही नाही. चैत्र लागला की आमच्याकडे कडुनिंबाखाली पाणपोई बसते. मातीचे रांजण, भोवती ओले फडके, वर झाकण, काठाला डोई. कोणाच्या तरी आईच्या किंवा वडिलांच्या नावाची पाटी. पूर्वी काही ठिकाणी पाणी वरून ओंजळीत ओतत, भांड्याला हात लावू देत नसत. आज डोई घेणाऱ्याच्या हातात असते. हा बदल कोणत्याही कारंज्यापेक्षा मोठा आहे, आणि त्याचे शिल्प अजून कोणी घडवलेले नाही.

डॉल्फिन काढा असे मी म्हणणार नाही. पोरांना ते आवडतात आणि त्यांची सावली पडते. पण त्या कठड्याच्या एका अंगाला, कमरेच्या उंचीवर, आपल्याच काळ्या दगडाचे एक गोमुख बसवता येईल. नगरपालिकेच्या नळाचे गाळलेले पाणी त्यातून पडेल, सांडलेले खालच्या कुंडीत शेळ्यांसाठी साचेल. घडवणाऱ्या पाथरवटाचे नाव त्यावर असावे. त्याला पंप लागणार नाही. नळाला पाणी आले की गोमुख वाहील, नाही आले तर कोरडे राहील, आणि पाणी आले नाही हे सबंध चौकाला दिसेल.

त्या म्हाताऱ्या बाईजवळ मी त्या दिवशी थोडा वेळ बसलो. टँकरची नळी तिच्या घागरीपर्यंत आली तेव्हा ती उठली, घागर भरली आणि जाण्याआधी तांब्याभर पाणी मला दिले. मी ते पाणी तेथेच, कारंज्याच्या कठड्यावर बसून प्यायलो.